जेली शॉटसाठी दारू कशी निवडायची: बाटलीवरच्या आकड्यापासून कपातल्या जेलीपर्यंत

पार्टीच्या आदल्या रात्री मी जेली शॉटचे, म्हणजे दारू घालून घट्ट केलेल्या जेलीचे, चाळीस छोटे कप भरून फ्रीजमध्ये लावले होते. सकाळी झाकण उघडून एक कप कलता केला, तर आतलं सगळं पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. दुसरा कप तसाच, तिसराही तसाच. जिलेटिन जुनं असणार असं समजून नवं पाकीट आणलं, पुन्हा सगळा घाट घातला, आणि पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला बाटली हातात घेऊन लेबल नीट वाचलं. त्या रमची तीव्रता ७५ टक्के होती आणि मी निम्मं मिश्रण त्या रमचंच केलं होतं. जिलेटिन बिचारं पहिल्यापासून ठीक होतं. त्या रमसमोर कुठलंच जिलेटिन टिकलं नसतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी आकडा, मग चव, मग रंग. बाटली ठरल्यावरच जिलेटिन मोजायला घ्यायचं. बहुतेक कृतींत ‘एक कप व्होडका’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणती व्होडका, किती टक्क्यांची, आणि व्होडका नको असेल तर काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः बाटलीबद्दल आहे.

आकडा कुठे बघायचा

लेबलवर कुठेतरी बारीक अक्षरांत अल्कोहोलची टक्केवारी असते. साधी व्होडका, जिन, रम, टकीला, व्हिस्की यांत ती साधारण ४० च्या आसपास असते. स्वाद घातलेल्या व्होडकांत बहुधा ३० ते ३८. लिकर म्हणजे साखर आणि स्वाद घातलेली गोड दारू. त्यांपैकी नारळाच्या स्वादाची मालिबू साधारण २१ टक्के, बेलीजसारखी क्रीम लिकर १७ टक्के, तर क्वाँत्रो ही संत्र्याची लिकर गोड असूनही पूर्ण ४० टक्के. वाइन आणि शॅम्पेनमध्ये साधारण १२.

काही बाटल्यांवर टक्केवारीऐवजी ‘प्रूफ’ लिहिलेलं असतं, तिथे मात्र जपून. अमेरिकन पद्धतीत प्रूफ म्हणजे टक्केवारीच्या दुप्पट, म्हणजे ८० प्रूफ म्हणजे ४० टक्के. जुन्या ब्रिटिश पद्धतीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. टक्केवारी छापलेली असेल तर तीच धरा, प्रूफच्या नादी लागू नका.

जिलेटिनला दारू का सोसत नाही

जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनपासून काढलेलं प्रथिन. गरम पाण्यात त्याचे लांब धागे सुटे होतात. गार व्हायला लागलं की तेच धागे एकमेकांभोवती पुन्हा पीळ घालतात, त्यांची जाळी तयार होते आणि जाळीत पाणी अडकून राहतं. आपल्याला थरथरणारी जेली दिसते ती ही अडकलेल्या पाण्याची जाळी.

या जाळीला पाणी लागतं, आणि अल्कोहोल तेच पाणी आपल्याकडे ओढतं. थोडं अल्कोहोल असेल तर काही बिघडत नाही. प्रमाण वाढत गेलं की जाळी आधी मऊ पडते, मग जेली सेटच होत नाही, आणि त्याहून जास्त झालं तर धागे पाणी सोडून एकमेकांना चिकटून गोळा होतात. प्रयोगशाळेत द्रावणातून जिलेटिन वेगळं काढायचं असेल तर त्यात अल्कोहोल ओततात, ते याच गुणामुळे. तेव्हा कडक दारू जिलेटिनमध्ये भसकन ओतल्यावर पांढऱ्या तारा दिसल्या तर माल खराब आहे असं समजू नका. दारू एका जागी एकदम जास्त झाली, एवढाच त्याचा अर्थ.

घरच्या स्वयंपाकघरात मी पाळते ती मर्यादा अशी: तयार मिश्रणात अल्कोहोल २० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. तिथपर्यंत जिलेटिन साथ देतं. पण साथ देतं म्हणून तिथपर्यंत जावंच असं नाही. २० टक्क्यांची जेली तोंडात टाकली की घशाला जाळ लागतो आणि फळाची चव कुठच्या कुठे जाते. माझ्या जिभेला सगळ्यात आवडतं ते १० ते १३ टक्क्यांच्या दरम्यान. दारू आहे हे कळतं, जेली कपातून अख्खी निघते, आणि पाहुणा चेहरा वाकडा न करता खातो.

हिशेब एकाच ओळीचा

एकूण मिश्रण किती हवं ते मिलिलिटरमध्ये ठरवा. त्याला हव्या त्या टक्केवारीने गुणा आणि बाटलीवरच्या टक्केवारीने भागा. उत्तर येईल तेवढे मिलिलिटर दारू घ्यायची.

समजा ५०० मिली मिश्रण हवंय, म्हणजे ३० मिलीचे सोळा कप, आणि टक्केवारी हवीय १२. बाटली ४० टक्क्यांची असेल तर ५०० गुणिले १२ भागिले ४०, म्हणजे १५० मिली. उरलेले ३५० मिली रस, पाणी वगैरे. बाटली २० टक्क्यांच्या लिकरची असेल तर दारूच ३०० मिली लागेल आणि बाकी सगळ्याला फक्त २०० मिली जागा उरेल. लिकर मुळात गोड असते, तेव्हा तिथे साखर घालायची गरज नाही. आणि १२ टक्क्यांची वाइन असेल तर १२ गाठताच येणार नाही, कारण सगळं मिश्रणच वाइनचं करावं लागेल. ४०० मिली वाइन आणि १०० मिली इतर घेतलं तर ९.६ टक्के होतात. वाइनच्या जेलीला तेवढे पुरतात.

दोन बाटल्या मिसळायच्या असतील तर दोन्हीतलं शुद्ध अल्कोहोल वेगवेगळं काढून बेरीज करा. ९० मिली टकीला आणि ६० मिली क्वाँत्रो, दोन्ही ४० टक्क्यांच्या, म्हणजे ३६ अधिक २४, असं ६० मिली शुद्ध अल्कोहोल. ५०० मिलीत ते बरोबर १२ टक्के झाले.

आता बाटल्यांकडे

व्होडका हा सगळ्यात सोपा पर्याय आहे आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तोच घ्यावा. तिला स्वतःची चव जवळजवळ नसते, रंग नसतो, त्यामुळे रस कोणताही चालतो आणि चूक कुठे झाली ते लगेच कळतं. सगळ्यात महागडी व्होडका यात वाया जाते, कारण तिचा जो मऊपणा तुम्ही विकत घेता तो साखर आणि रसाखाली दिसतच नाही. सगळ्यात स्वस्त बाटलीही नको. हलक्या व्होडकाचा तो स्पिरिटसारखा झोंबणारा वास साखरेने झाकत नाही. मधली घ्या. स्वाद घातलेली व्होडका घेत असाल तर दोन गोष्टी तपासा: टक्केवारी कमी आहे का, आणि त्यात साखर घातली आहे का. दोन्ही असतील तर हिशेब नव्याने करावा लागतो.

पांढरी रम मला जेलीसाठी व्होडकापेक्षाही आवडते. उसाच्या रसाची किंवा मळीची एक मंद गोडी तिच्यात असते आणि ती लिंबू, अननस, आंबा, नारळ या सगळ्यांबरोबर मिळून जाते. जेली थंडगार खाल्ली जाते आणि थंडीत जिभेला गोडी कमी लागते. अशा वेळी रमची ही गोडी उपयोगी पडते. गडद रमचा स्वाद छान असतो, पण ती रंग बिघडवते. हिरव्या जेलीत घातली की गढूळ शेवाळी रंग येतो. तिला संत्र्याच्या, कोलाच्या किंवा कॉफीच्या जेलीतच घ्यावी, म्हणजे तपकिरी रंग शोभून दिसतो.

टकीला घ्यायची तर पांढरी, म्हणजे ‘ब्लँको’. पिंपात मुरवलेल्या ‘रेपोसादो’ला लाकडाची जी चव असते ती जेलीत जरा वेगळी पडते. बाटलीवर शंभर टक्के अगावे (टकीला ज्या वनस्पतीपासून बनते ती) लिहिलेलं असेल तर चवीत फरक नक्की जाणवतो. टकीलाबरोबर लिंबाचा रस हवाच, आणि लिंबू आलं की जिलेटिन थोडं वाढवावं लागतं, कारण जास्त आंबटपणात जाळी सैल पडते. ५०० मिलीला एरवी १४ ग्रॅम घेत असाल तर इथे १६ घ्या. वर मिठाचे चार कण टाकायचे ते अगदी देताना. आधी टाकले तर ते जेलीतलं पाणी ओढून विरघळतात आणि वर ओलसर डाग पडतात.

जिनबद्दल मतं टोकाची आहेत. जिनला जो खास वास असतो तो जुनिपरच्या फळांचा, आणि तो ज्यांना आवडत नाही त्यांना जेलीत तो आणखी खटकतो, कारण घोट गिळून टाकता येतो, पण जेली तोंडात काही क्षण राहते. ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी जिन आणि टॉनिक वॉटरची जेली करून बघाच. टॉनिकमधलं क्विनिन हे कडू द्रव्य अतिनील प्रकाशात निळसर चमकतं, आणि जेलीत टॉनिकचे बुडबुडे गेले तरी ही चमक जात नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ट्रे आणला की सगळ्यांच्या माना वळतात.

व्हिस्की आणि ब्रँडी यांची जेली क्वचित कुणी करतं, खरं तर करायला हरकत नाही. फक्त फळांच्या रंगीबेरंगी जेलीत त्यांना ढकलू नका. मध, लिंबू आणि थोडं गरम मसाल्यांचं पाणी यांच्याबरोबर व्हिस्की चांगली लागते. ब्रँडी सफरचंदाच्या रसात. दोन्ही १० टक्क्यांवर ठेवा, कारण त्यांची चव मुळातच भारी असते.

लिकर हा खरा खेळण्याचा प्रांत. पीचची, संत्र्याची, कॉफीची, बदामासारख्या चवीची. यांत साखर भरपूर असते, म्हणून त्यांचा वापर मी मसाल्यासारखा करते: दोन भाग कडक दारू, एक भाग लिकर. फक्त लिकरवर जेली केली की ती इतकी गोड होते की दुसरा कप कुणी उचलत नाही. क्रीम लिकरचा नियम वेगळा आहे. तिच्यात दूध असतं, आणि लिंबू, संत्रं, अननस अशा कोणत्याही आंबट गोष्टीशी गाठ पडली की ती फुटते, कपात चोथा आणि पाणी वेगळं होतं. तिची जोडी कॉफी, चॉकलेट किंवा घट्ट गोड दूध यांच्याशीच लावायची, आणि मिश्रण कोमट झाल्यावरच ती घालायची.

शॅम्पेन किंवा दुसरी कुठलीही फेसाळ वाइन जेलीत फार देखणी दिसते. अडचण एकच, ती गरम मिश्रणात ओतली की सगळा फेस उडून जातो. म्हणून जिलेटिन थोड्या रसात विरघळवून जवळपास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, वाइन गार ठेवायची, आणि भांड्याच्या कडेवरून हळूहळू सोडायची. एकदाच, हलक्या हाताने ढवळायचं. थोडे बुडबुडे जाळीत अडकून राहतात आणि जिभेवर हलकेच टोचतात.

या बाटल्या बाजूला ठेवा

५० टक्क्यांच्या वरच्या, म्हणजे ‘ओव्हरप्रूफ’ दारवा. हिशेबाने कमी घालून त्यांचीही जेली होते, पण मापात एक झाकण इकडेतिकडे झालं की सगळं गणित बिघडतं, आणि स्वयंपाकघरात ज्योत चालू असताना अशी बाटली उघडी असणं धोक्याचं. ४० टक्क्यांच्या दारूचीही वाफ साधारण २६ अंश सेल्सियसला पेट घेऊ शकते. गॅस बंद झाल्याशिवाय कुठल्याच बाटलीचं बूच काढायचं नाही.

लाल वाइनमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असतं आणि टॅनिन जिलेटिनला धरून बसतं. वाइन तयार करणारे जास्तीचं टॅनिन काढून टाकायला जिलेटिनच वापरतात. तेच आपल्या कपात होतं, जेली धुरकट दिसते. चवीला वाईट नाही, पण काचेसारखी पारदर्शक हवी असेल तर पांढरी किंवा गुलाबी वाइन घ्या.

बडीशेपेच्या चवीच्या दारवा, उदाहरणार्थ ऊझो किंवा पास्तिस, पाणी लागताच दुधाळ होतात. त्यांतलं बडीशेपेचा स्वाद देणारं अॅनेथॉल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. दुधाळ रंगच हवा असेल तर उत्तम, एरवी टाळा. बिअर फेसाळते आणि तिचा कडवटपणा गोड जेलीत चांगला लागत नाही. आणि एनर्जी ड्रिंकमध्ये दारू मिसळून जेली करू नका. कॅफिनमुळे माणसाला तरतरी वाटते आणि चढली आहे हे त्याचं त्यालाच कळत नाही.

लेबल नसलेली, घरी गाळलेली किंवा कुठून आली ते माहीत नसलेली दारू कधीच वापरायची नाही. तिच्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकतं, ते नजर घालवतं आणि जीव घेतं. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही. सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर यांबद्दलही हेच.

चमच्याची चाचणी

संपूर्ण पातेलं करण्याआधी ही एक गोष्ट करा, वीस मिनिटांत कळतं. १५ मिली दारू (४० टक्क्यांची) आणि ३५ मिली रस एका छोट्या ग्लासात मिसळा. हे बरोबर १२ टक्के होतात. ग्लास फ्रीजमध्ये वीस मिनिटं ठेवा आणि मग चाखा. खोलीच्या तापमानाला चाखू नका, जेली कुणी तशी खाणार नाही. थंड झाल्यावर गोडी उतरते आणि वासही दबतो. इथे चव जरा जास्तच ठसठशीत वाटली पाहिजे, कारण जेलीतून स्वाद सुटायला वेळ लागतो आणि तो पातळ द्रवापेक्षा मंद लागतो. फिकी वाटली तर साखर किंवा लिंबू वाढवा, दारू वाढवू नका. झोंबली तर दारू १० टक्क्यांवर आणा, किंवा बाटलीच बदला.

करायला घेऊ

साधं, वासविरहित जिलेटिन वापरून ५०० मिलीसाठी माझं माप: जिलेटिन १४ ग्रॅम, रस ३५० मिली, ४० टक्क्यांची दारू १५० मिली, साखर रसाच्या गोडीप्रमाणे ३० ते ५० ग्रॅम. साखर विरघळल्यावर मिश्रण थोडं वाढतं, म्हणून प्रत्यक्षात टक्केवारी १२ पेक्षा किंचित खाली येते. चमच्याने खायच्या मऊ जेलीला याच्या निम्मं जिलेटिन पुरतं. शॉटला ते दुप्पट लागतं, कारण कप दाबून ती अख्खी बाहेर आली पाहिजे आणि आत अल्कोहोलही आहे.

रसाबद्दल आधीच सांगते. ताजं अननस, पपई, किवी, अंजीर आणि आलं यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ती जिलेटिनचे धागे कापून टाकतात आणि मग कितीही तास फ्रीजमध्ये ठेवा, जेली होत नाही. हाच रस उकळून घेतला किंवा डबाबंद वापरला तर विकरं निकामी झालेली असतात आणि काम होतं.

पहिली पायरी: १०० मिली गार रस रुंद वाडग्यात घ्या आणि जिलेटिन वरून चिमटीने, सगळीकडे सारखं भुरभुरवा. एका जागी ओतलं तर बाहेरचं फुगतं आणि आत कोरडी गाठ राहते. मग हात लावू नका. पाच मिनिटांत दाणे पाणी पितात, रंग बदलतो, आणि दहाव्या मिनिटाला वाडगं कललं तरी न हलणारा, बोटाला लिबलिबीत लागणारा थर होतो. हे फुलणं गार पाण्यात किंवा रसातच व्हायला हवं. वेळ वाचवायला मी एकदा थेट व्होडकात भिजवलं होतं. दाणे नीट फुललेच नाहीत आणि शेवटपर्यंत जेलीत वाळूसारखे लागले.

दुसरी पायरी: उरलेल्यातला १५० मिली रस साखरेसह गरम करा. उकळी फुटण्याआधीच गॅस बंद करा, वाफ निघते आहे एवढं पुरे. त्यात फुललेलं जिलेटिन घालून दोन मिनिटं ढवळा. चमचा वर काढून उजेडात बघा, चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसायला नको. जिलेटिन घातल्यावर खळखळ उकळायचं नाही, त्याची पकड कमी होते.

तिसरी पायरी घाईची नाही. मिश्रण कोमट होऊ द्या, बोट बुडवल्यावर गरमही लागू नये आणि गारही, म्हणजे ३५ ते ४० अंशांच्या आसपास. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण त्याच्या खूप आधीपासून गरम मिश्रणातून त्याची वाफ आणि त्याबरोबर सगळा सुवास उडत असतो. पातेल्यावर वाकल्यावर नाकात जो छान वास जातो, तेवढा कपातून कमी झालेला असतो.

चौथी पायरी: दारू आणि राहिलेला १०० मिली गार रस आधी एकत्र करा. असं केलं की दारूची तीव्रता २४ टक्क्यांवर येते आणि पांढऱ्या तारा पडण्याची भीती जाते. आता ही धार हळूहळू सोडत, सावकाश ढवळत मिसळा. जोरात फेटलं तर वर फेस येतो आणि तो तसाच कपात घट्ट होऊन बसतो. आलाच फेस, तर चमच्याने काढून टाका.

पाचवी पायरी: कप आधीच ट्रेमध्ये मांडून ठेवा, भरलेले कप उचलून नेताना सांडतात. चोच असलेल्या भांड्याने ओता, काठापासून बोटाची अर्धी जाडी रिकामी सोडा, झाकणं लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. चार तासांत जेली सेट होते, पण खरी पकड रात्रभरात येते. जिलेटिनची ताकद मोजण्याची जी ‘ब्लूम’ चाचणी आहे, तिच्यातही नमुना १० अंशांवर सोळा-अठरा तास ठेवूनच मोजतात. फ्रीझरमध्ये टाकून वेळ वाचवू नका. बर्फाचे कण जाळी फाडतात आणि नंतर जेलीतून पाणी सुटतं.

दोन रंगांचे थर हवे असतील तर पहिला थर बोटाला किंचित चिकट लागेपर्यंतच सेट करा. पूर्ण घट्ट झाला तर दुसरा त्याला धरत नाही आणि खाताना थर सुटून येतात. दुसरं मिश्रण खोलीच्या तापमानाला आणून चमच्याच्या पाठीवरून सोडा. दोन्ही थरांत टक्केवारी सारखी ठेवा, नाहीतर एक मऊ आणि एक कडक होतो.

पाकिटातली जेली वापरायची असेल तर

८५ ग्रॅमचं जिलेटिनवालं पाकीट बहुधा एक कप उकळतं आणि एक कप गार पाणी मागतं, मिळून ४८० मिली. उकळतं पाणी आहे तेवढंच घ्या, कारण पावडर त्यातच विरघळायची आहे. गार पाण्याच्या २४० मिलीऐवजी १५० मिली दारू आणि ९० मिली गार पाणी घ्या, १२.५ टक्के होतात. पूर्ण २४० मिली दारू घातली तर थेट २० टक्क्यांच्या काठावर जाता. पाकिटातलं जिलेटिन चमच्याने खायच्या मऊ जेलीच्या हिशेबाचं असतं, म्हणून एक ते दीड चहाचा चमचा साधं जिलेटिन त्याच गार पाण्यातल्या थोड्यात फुलवून गरम मिश्रणात विरघळवा. आणि घटक वाचा. शाकाहारी पाकिटांत जिलेटिन नसतं, तिथे खालची गोष्ट लागू होते.

जिलेटिन न खाणाऱ्यांसाठी

अगर-अगर समुद्री शेवाळापासून निघतं. ५०० मिलीला ४ ते ५ ग्रॅम अगर पावडर पुरते, पण ती रसात दोन-तीन मिनिटं चांगली उकळावी लागते. इथे जिलेटिनचा नियम उलटा होतो. अगर ३५ ते ४० अंशांना येताच घट्ट होतं, त्यामुळे कोमट होण्याची वाट बघितली तर पातेल्यातच जेली तयार. मिश्रण ६० अंशांच्या आसपास असतानाच दारू घालायची, आणि दारू फ्रीजमधली गार नको, तर गुठळ्या होतात. मी मापाचा कप पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवते. थोडा सुवास जातो, त्याला इलाज नाही, म्हणून इथे उग्र स्वादाची दारू निवडावी. लिंबाचा रस उकळताना न घालता शेवटी घाला. ताज्या अननसाची विकरं अगरला काही करत नाहीत, ही जमेची बाजू. पोत मात्र वेगळा असतो, दाताखाली तुकडा पडणारा. खोलीत मात्र ही जेली तासन्‌तास वितळत नाही.

एका कपात नेमकं किती

३० मिलीच्या १२ टक्के शॉटमध्ये ३.६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, वजनात सुमारे २.८ ग्रॅम. ४० टक्क्यांच्या ३० मिली पेगमध्ये सुमारे ९.५ ग्रॅम. म्हणजे तीन-साडेतीन शॉट म्हणजे एक पेग. २० टक्क्यांची जेली केली असेल तर दोनच शॉटमध्ये एक पेग झाला. हा आकडा पाहुण्यांना सांगा, माणसं आपापला अंदाज बांधतात. पेय हातात असलं की किती प्यायलो ते दिसतं. जेली एका घासात संपते, गोड लागते, आणि चढायला वेळ घेते, तेवढ्यात पाच-सहा पोटात गेलेले असतात. जेरी थॉमस या अमेरिकन बारमनने १८६२ साली छापलेल्या कृतींत ‘पंच जेली’ आहे, माशांच्या वाताशयापासून काढलेल्या आयसिंग्लासवर घट्ट केलेली. तीत दारूचा जोर जेलीमागे किती बेमालूम लपतो याबद्दल त्याने तिथेच सावध केलं आहे.

हे कप लहान मुलांना खाऊसारखेच दिसतात, म्हणून मुलं असलेल्या घरात ते फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, झाकण लावून, वेगळ्या डब्यात. वाहन चालवणारे, गरोदर स्त्रिया, झोपेची किंवा इतर गुंगी आणणारी औषधं घेणारे आणि कायद्याने वयात न आलेले यांच्यासाठी बिनदारूची जेली करायची, आणि तिचे कप संपूर्ण वेगळ्या रंगाचे. त्याच रंगाच्या कपावर चिठ्ठी लावून भागत नाही. पार्टी अर्ध्यावर आली की चिठ्ठ्या कुणी वाचत नाही.

जिलेटिनची जेली शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळते, म्हणून सगळे कप एकदम बाहेर काढू नका. बर्फावर ठेवलेल्या ट्रेमध्ये दहा-बारा ठेवा, संपले की पुढचे आणा. चुकून बाहेर राहून पातळ झालेच, तर ते टाकून देऊ नका. झाकण घट्ट असेल तर पुन्हा फ्रीजमध्ये ठेवा, जिलेटिन गार होताच पुन्हा जाळी विणतं. न उघडलेले कप फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहतात. झाकणावर दारूचं नाव आणि टक्केवारी पेनाने लिहून ठेवत जा, तिसऱ्या दिवशी फ्रीज उघडल्यावर कोणता कप कशाचा हे रंगावरून आठवत नाही.